खांद्याला रुंद

सैनिकांच्या त्या छोट्याशा दफनभूमीत एका दगडावर नावच नव्हतं. त्याच्याशी सकाळी एक आई बोलत बसायची, संध्याकाळी दुसरी. "इथं माझाच आहे ना?" दोघींनीही विचारलं होतं आणि म्हाताऱ्या माळ्यानं दोघींनाही "हो" म्हटलं होतं. आज धुकं दुपारपर्यंत हललंच नाही, वेळेचा अंदाज चुकला आणि दोघी समोरासमोर आल्या. माळी जवळच पाचोळा गोळा करत होता. पहिली अर्धा विणलेला स्वेटर दगडाला लावून बघत होती. "अहो, तो माझा मुलगा आहे," दुसरी म्हणाली. पहिलीनं माळ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग पहिलीनं दगडासमोरच्या बाकावर बसून शेजारी तिला जागा केली. "अंगानं कसा हो तुमचा?" "खांद्याला रुंद." "मग हा घट्ट होईल," म्हणत तिनं टाके उसवायला घेतले. दुसरीनं लोकर गुंडाळायला दोन्ही हात पुढे केले.