भोपाळात हयात

"भाऊ, ह्यांना हाजिर व्हायला सांगतायत," सुधाताई म्हणाल्या आणि तिसरी नोटीस त्यांनी संगणकावर बसणाऱ्या श्रीपादच्या टेबलावर ठेवली.

ह्यांना म्हणजे तुकोजी जाधवांना. तुकोजी ग्वाल्हेरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या हजीरा भागातल्या पंपघरात शॉक लागून वारले, त्याला सात महिने झाले होते. खांदा देणाऱ्यांत श्रीपाद स्वतः होता. नोटिशीत लिहिलं होतं, की आपण सात महिने विनापरवानगी गैरहजर आहात. सोमवारपर्यंत खुलासा न आल्यास आपल्याला बडतर्फ करण्यात येईल.

"पहिली आली तेव्हा रडले. दुसरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, फोटोसमोर वाच. आता हिचं काय करू?"

सुधाताई नवऱ्याच्या जागी अनुकंपा नोकरी मागत होत्या, शिपायाची का होईना. पदरात दोन मुली होत्या. नियम सोपा होता. कर्मचारी सेवेत असताना मेला पाहिजे. तुकोजींनी तेवढं केलं होतं. पण राज्याचे दोन तुकडे झाल्यापासून दिसेल ते मंडळ कुठल्या तरी कंपनीत विलीन होत होतं. हेही होत होतं, आणि भोपाळच्या कंपनीच्या संगणकात तुकोजी हयात होते. मृत्यूचा दाखला तीनदा तिकडे गेला आणि तीनदा परत आला. वर शेरा : 'संगणकात हयात. दुरुस्ती ग्वाल्हेरच्या संगणकातूनच यावी.'

"अहो वहिनी, दुरुस्ती मी त्याच दिवशी केली होती."

खरंच केली होती. तुकोजींच्या ओळीत, 'हयात'च्या रकान्यात, स्मशानातून आल्या आल्या ओल्या केसांनी बसून त्याने 'नाही' भरलं होतं.

सुधाताई गेल्यावर त्याने डबा बाजूला सारला आणि सगळं पहिल्यापासून तपासलं.

रोज संध्याकाळी सहाला ग्वाल्हेरच्या कर्मचाऱ्यांची यादी टेलिफोनच्या तारेवरून भोपाळला जायची आणि तिथल्या यादीत मिसळायची. सगळी मात्र नाही. गेल्या दिवाळीत भोपाळने तक्रार केली होती, की तुमच्याकडे मेलेलेच फार आहेत. तक्रार रास्त होती. ग्वाल्हेरच्या मराठी कारकुनांनी पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्याचं नाव कधी खोडलं नाही. खोडणं अभद्र. नावाआधी 'कै.' लिहायचं आणि माणूस जागच्या जागी राहू द्यायचा. त्यामुळे संस्थानकाळातले भिश्तीसुद्धा यादीत रांगेने उभे होते.

तेव्हा श्रीपादने चाळणी बसवली. ओळींना एकच अट : जो हयात, तोच पुढे जाईल. रकाने तेहतीस होते, त्यांतले अकराच पाठवायचे ठरले. मृत्यूच्या तारखेचा रकाना त्याने गाळला. जिवंत माणसांना तो कशाला? या कामाबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

आता त्याला उलगडलं. तुकोजी मेले, तशी त्यांची ओळ चाळणीवर अडली. मेल्याची बातमी त्याच ओळीत होती, तीही अडली. भोपाळला पोचलेली शेवटची खबर म्हणजे तुकोजी खुशाल. दिवाळीपासून ग्वाल्हेरात वारलेले एकूण नऊ जण भोपाळात असेच आनंदात होते.

चाळणी काढायला दहा मिनिटं पुरली असती. पण ती काढली की नऊ माणसं एका दमात मरणार, आणि हे कुणी केलं असं भोपाळ विचारणार. मंगळवारी कंपनीत कुणाकुणाला सामावून घ्यायचं त्याची यादी लागायची होती. संगणकावर बसणारे चौघे होते, जागा दोन. तो शुक्रवार होता. श्रीपादने विचार केला, सरकारी सोमवार गुरुवारच्या आधी उगवलेला आपण वीस वर्षांत पाहिलेला नाही. त्याने शेजाऱ्यांच्या फोनवर सुधाताईंना निरोप दिला : "बुधवारी या, वहिनी. काम होऊन जाईल."

मंगळवारी यादी लागली. श्रीपादचं नाव दुसरं होतं.

बुधवारी सकाळी आल्याबरोबर त्याने चाळणीतली हयातीची अट काढली आणि सहाची वाट न पाहता यादी पाठवून दिली. अकराला सुधाताई आल्या. नोकरीचा अर्ज त्यांनी धाकटीच्या चांगल्या अक्षरात लिहून आणला होता. बातमी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावी म्हणून श्रीपादने भोपाळला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे यादी सांभाळणारा दौलतसिंह होता.

"आ गए, श्रीपादजी, नौ के नौ आ गए. जाधवजी भी. मृत्यु, आज की तारीख में."

"आज की? अरे भाई, सात महीने हो गए उनको!"

"तारीख का कॉलम आपने भेजा ही कब था? खबर जिस दिन आए, मशीन वही दिन पकड़ती है. और सोमवार शाम पाँच बजे जाधवजी बर्खास्त हो चुके. अब हाथ से नहीं होता ना, मशीन ऑर्डर निकाल देती है. सेवा में कहाँ मरे वो?"

श्रीपादचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला, पण बटण त्याला सापडेना. "अपील?"

"अपील है. कर्मचारी खुद हाजिर होकर करे."

सुधाताईंनी अर्जाची घडी घातली. मग पुन्हा उघडली. "भाऊ, सोमवारी काय झालं म्हणतायत ते?"

दौलतसिंह मनाने चांगला माणूस होता. बाईचा आवाज कानावर पडल्यावर तो हळहळला.

"शुक्रवार को मार देते, साहब, तो भाभीजी की नौकरी पक्की थी."