ऐरोबाचा नारळ

“आजोबा, आमचा ऐरोबा तुमचा कोण लागतो?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून हर्षालीनं गावदेव मानलेल्या ऐरोबाच्या थडग्यापाशी उभ्या गोऱ्या पाहुण्याला इंग्रजीत विचारून टाकलं. म्हातारा ओशाळला. “तो माझा खापरपणजोबा, आयरिश शिपाई. आमच्याकडं सांगतात, इंग्रजांनी गांजलेला गरीब पोरगा होता. इथं मात्र इंग्रजांसाठी त्यानंच ह्या कडुलिंबावर माणसं फासावर चढवली.” आयरिशचा ऐरोबा झाला होता! हर्षालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पिढ्यानपिढ्या गाव फाशी देणाऱ्यालाच नारळ फोडत होतं. मैत्रिणी तर चपला सोडून पळाल्या. घरी आई हर्षालीच्या दहावीच्या परीक्षेआधी ऐरोबाला फोडायचा नारळ सोलत होती. “आई, आप्पा, मी ऐरोबाला नारळ फोडणार न्हाय.” “गप गं! कोपंल तो, नापास व्हशील!” आप्पा ओरडले. हर्षालीनं देव्हाऱ्यातली पणती उचलली. “कोपू दे. लई भ्या वाटतंय, पण मी फासावर गेलेल्यांसाठी दिवा लावणार.”