नापास माल

गावात स्प्रिंगांचा पहिला कारखाना निघाला, तेव्हा त्यात नवरा मुख्य कारागीर होता आणि बायको तपासनीस. खाणीतल्या लिफ्टच्या ब्रेकसाठी त्याने दोनशे स्प्रिंगा केल्या. तिने एकेक दाबली, सोडली, मोजली आणि सगळा माल नापास केला.

"सोडल्यावर केसभर दबलेल्या राहिल्या, तेवढ्यासाठी?" तो सगळ्यांसमोर ओरडला. "घरच्या माणसाची तरी अब्रू राख!"

"खाणीत उतरणारेही कुणाच्या तरी घरचेच आहेत," ती म्हणाली.

त्याने धुसफुसत दोनशेच्या दोनशे पुन्हा वळल्या, पुन्हा तापवून पाणी दिलं. महिनाभर मालाची पेटी तिच्याकडे दुसऱ्याच्या हाती पाठवली.

पुढच्या वर्षी लिफ्टचा दोर तुटला. स्प्रिंगांनी जोर लावला, ब्रेक लागले, लिफ्ट अधांतरी थांबली. एकोणीस माणसं आपल्या पायांनी घरी गेली. गावाने कारागिराला डोक्यावर घेतलं, हारांनी त्याची मान दिसेना.

दुसऱ्या दिवशी नव्या मालाची पेटी त्याने स्वतः उचलून तिच्या टेबलावर आणून ठेवली. तिने पहिलीच स्प्रिंग दाबून बघितली आणि मान डोलावली.

"एवढ्यात पास नको करू गं," तो हळूच म्हणाला. "अजून एकदा बघ."