समोरच्या पेठेची जर्सी

"आमचा न्हवं ह्यो," आकाराम म्हणाला आणि त्यानं मोबाइल लांब सारला.

फोटो एकच होता. वाळूवर कुशीवर पडलेलं प्रेत, पाण्यानं फुगलेलं, अंगात नारंगी जर्सी. खाली हवालदारानं लिहिलं होतं, चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही, कपड्यांवरून खात्री करावी. आकारामनं खात्री केली. नारंगी म्हणजे समोरच्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ. त्याचा पोरगा सम्राट रविवारी घरातनं निघाला तो आपल्या तालमीची जांभळी जर्सी घालून, पाठीवर नऊ नंबर. आदल्या दिवशी नारंगीवाल्यांवर दोन गोल ठोकले होते पठ्ठ्यानं. जर्सी अंगावेगळी करायलाच तयार नव्हता.

तालमीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळ्यांत म्हातारा हंबीरराव, त्यानंही चष्मा लावून फोटो बघितला. "आपला पोरगा मरंल, पर ह्यो रंग अंगाला लावंल व्हय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बापाचं नाव चुकलं तर एकवेळ खपतं, जर्सीचा रंग चुकलेला खपत नाही.

सम्राट समुद्रात बुडाला तो रत्नागिरी जिल्ह्यात. हे प्रेत लागलं मधल्या खाडीच्या दक्षिणेला, सिंधुदुर्गात. एक्क्याऐंशी सालापर्यंत हा सगळा किनारा एकच जिल्हा होता. मग सरकारनं रेघ मारली. गावं वाटली, कचेऱ्या वाटल्या, माणसांची गणतीसुद्धा वेगवेगळी झाली. लाटांना तेवढं कुणी कळवलं नाही. त्यामुळं पोराचा शोध उत्तरेला चाललेला आणि प्रेत पडलेलं दक्षिणेला. दक्षिणेच्या हवालदारानं दोन्हीकडचे कागद ताडून आपणहून फोन केला होता, एवढा तो भला माणूस.

"काका, एकदा इथं येऊन बघा," तो म्हणाला. "आम्हाला जास्त दिवस ठेवता येणार नाही."

"अवो, आमचा न्हाईच तर बघायचं काय?"

"मग तसं लेखी पाठवा."

आकारामनं तालमीतल्याच एका कागदावर लिहिलं, हा माझा मुलगा नाही. खाली सही केली. हवालदाराला पाठवूनही दिलं. तानाबाईला, आपल्या बायकोला, त्यानं तो फोटो दाखवला नाही. बाईमाणसाला असलं काय दाखवायचं? आणि खरं सांगायचं तर त्या बुधवारी त्याला बरं वाटलं. घरी येऊन तो पोटभर जेवला.

समुद्रावर दोघंच गेले होते, सम्राट आणि समोरच्या पेठेतला अरबाज. दोघं एकाच गॅरेजात कामाला. मैदानावर एकमेकांच्या नडग्या फोडायचे आणि दुपारी एका डब्यात जेवायचे. अरबाजला मच्छीमारांनी बाहेर ओढलं. तेव्हापासून तो कोल्हापुरात दवाखान्यात बेशुद्ध होता. काय झालं ते सांगणारा तोच एक, आणि त्याच्या तोंडात नळी.

दिवस जाऊ लागले तशी आकारामची आशा आटली. जिवंत पोरगा मागायचं त्यानं सोडून दिलं. तानाबाई तर पहिल्या दिवसापासून रडली नव्हती. "त्याला एकदा माज्या दारात आणा. मग मी रडंन," एवढंच ती बोलायची. आकाराम रोज सकाळी उत्तरेच्या किनाऱ्यावर फोन लावायचा. तिकडून रोज तेच उत्तर यायचं, अजून काही लागलं नाही.

दहाव्या दिवशी अरबाजची आई मेहमुदा दारात येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी. आत यायचा तिला धीर होईना. आपलं पोरगं वाचलं याचीच बाईला लाज वाटत होती. तानाबाईनं तिचा हात धरून तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"अरबाजनं सकाळी डोळं उघडलं, वैनी," ती खाली बघत म्हणाली. "बोलत न्हाई अजून. दवाखान्यानं त्याच्या कापडांची पिशवी दिलती, ती मी काल उघडली. ह्ये त्याचं न्हवं. तुमचं हाय. तुमच्याकडं असू द्या."

पिशवीत जांभळी जर्सी होती. डॉक्टरांनी घाईत मधोमध कापलेली. मेहमुदानं ती धुऊन, बारीक टाके घालून शिवून आणली होती. पाठीवर नऊ नंबर.

तानाबाईनं ती छातीशी धरली. "आगं, पर ही अरबाजच्या अंगात कशी?"

"बदलली असतील दोघांनी. टीवीवर ते मोठं खेळाडू मॅच झाल्यावर बदलत्यात, तसं. दोस्तच हुते की, वैनी."

आकारामला वाळूवरचा तो फोटो आठवला. अरबाज नारंगीवाल्यांकडून खेळायचा, म्हणजे सम्राटच्या अंगात त्याची नारंगी. आपण पोराचा चेहरा सोडाच, हात बघितला नाही, पाय बघितला नाही. नुसता रंग बघितला. त्यानं मोबाइल काढला आणि दक्षिणेच्या हवालदाराला लावला.

"सायेब, ते नारंगी जर्सीचं प्रेत. हाय न्हवं अजून?"

"कसलं प्रेत?" तानाबाई एकदम उभी राहिली. "अवो, कुणाचं प्रेत?"

"नाही काका," पलीकडून आवाज आला. "शुक्रवारीच अग्नी दिला."

"बेवारस म्हणून?" आकारामनं विचारलं.

"छे छे, बेवारस कसा जाईल?" हवालदार त्याला धीर द्यायला म्हणाला. "ज्याच्या होडीजवळ ते लागलं, तो म्हातारा मच्छीमार आला होता. डोकं भादरून आला, त्यानंच अग्नी दिला, काका. ग्रामपंचायतीच्या वहीत नात्याचा रकाना आम्ही कोराच सोडत होतो. तर म्हणाला, कुणाचं तरी पोर आहे, कोरं कशाला ठेवता? बाप लिहा."