हळब्यांची दुरुस्ती

हळब्यांना आमंत्रणाचा फोन लावताना वैजयंती हसतच होती.

उपनगरातल्या त्या इवल्याशा रेडिओ केंद्राला आज वीस वर्षं पूर्ण होत होती. खास कार्यक्रमात ती केंद्राचा इतिहास सांगणार होती, आणि त्यात हळब्यांचा किस्सा हवाच! पहिल्याच वर्षी सकाळच्या निधनवार्तांमध्ये तिने त्यांचं नाव वाचलं, तर पाचव्या मिनिटाला खाकरत त्यांचाच फोन. "अहो बाई, मी जिवंत आहे! दुरुस्ती वाचा." नव्या केंद्राची शोभा होईल म्हणून तिने ती वाचलीच नाही. तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला ते आठवण करून द्यायचे, "बाई, आमची दुरुस्ती राहिलीय हं."

फोन त्यांच्या मुलीने घेतला. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, थट्टा करताय का? तुम्ही बातमी वाचलीत, त्याच पहाटे बाबा गेले. बातमी मीच तर दिली होती तुम्हाला."

वैजयंतीने रिसीव्हर ठेवला, तोच फोन वाजला. पलीकडे कुणीतरी खाकरलं. "बाई, आज तरी वाचाल ना?"

वाचलं की हे फोन थांबतील, एवढंच तिला सुचलं. तिने माइक सुरू केला. "एक दुरुस्ती. श्रीयुत त्रिंबक हळबे हयात आहेत."

पुन्हा फोन. हळब्यांची मुलगी कुजबुजत होती, "ताई, रेडिओ ऐकला मी. दाराबाहेर कुणीतरी खाकरतंय. ती जुनी निधनवार्ता पुन्हा वाचा. लवकर!"