खिरीची वाटी

शेजारच्या मिलकामावशींनी दार वीतभर उघडलं. “धम्मचक्र दिनाची खीर,” म्हणत सपनाने वाटी पुढे करताच पांढऱ्या साडीतल्या मावशी मागे सरल्या. “आज शिवू नकोस गं. आम्हा यहुद्यांचा मोठा उपास.” लगेच दार लागलं. रोज गालावरून हात फिरवणारी बाई! खिरीवरून जात कळली, दुसरं काय? ‘शिवू नकोस’ आजीने गावात जन्मभर ऐकलं. दिंडोशीच्या चौथ्या मजल्यावरही तेच. सपना दिवसभर धुमसली. चांदण्या दिसल्यावर मावशीच आल्या. “या दिवशी पापांची माफी मागताना मी पोटच्या लेकीलाही शिवत नाही. देवाची मागून झाली, तुझी राहिली. पाणी दे, उपास सोडते.” गोड बोलणं सपनाला नवीन नव्हतं. ग्लास देऊन ती बघत राहिली, तोंड न लावता पितात का. मावशींनी ग्लास ओठांना लावून रिकामा केला. “आता ती खीर आण.”