वाकडं शिंग

आईच्या माहेरगावच्या शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात कलेचा तास बंद करायला उलकान एजेंच्या, म्हणजे उलकान ताईंच्या, वर्गात गेलो. मुली लोकर दाबून केलेला लाल आणि पांढरा नमदा एकावर एक ठेवून सुरीनं शिंगांची नक्षी कापत होत्या. लाल शिंगं पांढऱ्यात बसवायची, पांढरी लालमध्ये. एका कापात दोन गालिचे. “गणिताला तास कमी पडतात, एजे. शिंगं कापून पोट भरतं का?” त्यांनी कपाटातून जुना लाल गालिचा काढून पसरला. एक पांढरं शिंग वाकडं होतं. आई गेल्यापासून मी तिच्या पांढऱ्या गालिच्यावर झोपतो. त्यावर त्याच जागी तसंच लाल शिंग आहे. “सातवीत तुझ्या आईनं आणि मी इथंच कापला. ती खिदळली, सुरी घसरली.” मी आईला हसताना कधीच पाहिलं नव्हतं. “एजे,” मी विचारलं, “कशाला हसली होती?”